नमुन्यात आलेली मुलं

जबलपूरला जाऊन आलो म्हटलं की लोक भेडाघाटाचं विचारतात. संगमरवराचे कडे पाहिले का, नावेत बसलात का, धुवांधारचे तुषार अंगावर घेतले का. यातलं मी काही पाहिलं नाही. नर्मदासुद्धा गाडीच्या खिडकीतून जेवढी दिसली तेवढीच. त्यासाठी कुणी हे वाचायला घेतलं असेल तर त्यांनी इथूनच परतावं. मी सरकारी कामावर गेलो होतो, मार्चच्या शेवटी, आणि दमून आलो. तो थकवा अजून उतरलेला नाही. प्रवासाचा असता तर एव्हाना उतरला असता.

काम असं होतं. वेगवेगळ्या देशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलांना एकाच धर्तीची प्रश्नपत्रिका द्यायची, ज्याच्या त्याच्या भाषेत, आणि कोणत्या देशातली मुलं किती वाचतात, किती हिशेब करतात ते शेजारी शेजारी मांडून बघायचं. आपल्याकडे काही जिल्ह्यांत त्याची रंगीत तालीम होती. एका राज्यातले निरीक्षक दुसऱ्या राज्यात जाणार, म्हणजे कुणी आपल्याच लोकांना सांभाळून घेणार नाही. अमरावतीहून मला जबलपूर मिळालं. खात्यात कमी बोलणारा माणूस म्हणून माझी ख्याती आहे. निरीक्षकाला ते शोभतं, असं आमचे वरिष्ठ म्हणाले.

दीक्षितपुरा

आमची सोय सिविल लाइंसमधल्या सरकारी विश्रामगृहात होती. पण जबलपूरला आईचे चुलतभाऊ, वसंतमामा, राहतात. आपल्या लोकांत नातेवाइकाच्या गावी जाऊन दुसरीकडे उतरणं म्हणजे भांडण जाहीर करण्यासारखंच. स्टेशनवर मामांची मुलगी मंगला स्कूटी घेऊन उभीच होती.

"दादा, रेस्ट हाऊसचं नाव काढू नका. बाबा सकाळपासून खिडकीत बसून राहिले आहेत. बॅग द्या इकडे."

मंगला माझ्याहून पाचेक वर्षांनी लहान. लग्न केलं नाही, वडिलांना सांभाळते, आणि कुंडमच्या पुढे एका सरकारी शाळेत मुख्याध्यापिका आहे. रोज बसनं जाते, बसनं येते. मामा संरक्षण खात्याच्या कारखान्यात माल तपासणाऱ्या विभागात होते. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी चहाचा कप हातात आला की आधी उजेडात धरून त्याला तडा आहे का ते बघतात.

दीक्षितपुऱ्यातली मामांची गल्ली इतकी अरुंद की समोरच्या घरातला कुकर आपल्याच ओट्यावर शिट्टी देतोय असं वाटतं. सगळीकडे हिंदी. मंगला भाजीवाल्याशी, शेजारणीशी, स्कूटी अडवणाऱ्या गायीशीही हिंदीत बोलते. कोथिंबीर बाजारात धनिया असते आणि उंबरा ओलांडला की आमच्या अमरावतीसारखी सांबार होते. जेवायला गोळाभात होता, वर कडकडीत फोडणी, आणि सांबारवडी. मामा म्हणाले, "तिकडे मिळते का अशी?" मी मिळत नाही म्हणालो. खरं तर मिळते. पण पाहुण्यानं काय बोलायचं ते ठरलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सिविल लाइंसच्या कार्यालयात शाळांचं वाटप झालं. माझ्या वाट्याला आली ती मंगलाचीच शाळा.

तिथे एक वाक्य बोलायचं होतं: तिथली मुख्याध्यापिका माझी मामेबहीण आहे, मला दुसरी शाळा द्या. बोललो नाही. म्हटलं, आता पुन्हा फोनाफोनी होणार, दुसऱ्या कुणाची तरी बदली होणार, गाड्या बदलणार. ऊन चढलं होतं. मी सही करून बाहेर पडलो.

संध्याकाळी मंगलाला सांगितलं तर ती खूश झाली. "चलो, अच्छा झालं! घरचाच माणूस येऊन राहिला." मग जरा वेळानं, भाकरी थापता थापता, "पण दादा, मला धडधड होऊन राहिली आहे. साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, दुनिया के सामने जिले की इज्जत का सवाल है. आमच्या पोरांनी नाक कापलं तर?"

मी तिला समजावलं. अगदी शांतपणे समजावलं, ते मला अजून शब्दन्‌शब्द आठवतं. म्हटलं, "शाळेचं नाव कुठेच येत नाही. पेपरवर मुलाचंही नाव नसतं, नुसता क्रमांक. इतक्या थोड्या मुलांवरून एखाद्या शाळेबद्दल काही म्हणताच येत नाही. हे माप देशाचं आहे, शाळेचं नाही. कुंडमची पोरं कशी निघाली हे कुणालाही कळणार नाही."

"नक्की?"

"माझा शब्द."

मामांनी मान डोलावली. "बोलत नाही, पण बोलला की पक्कं बोलतो हा," ते म्हणाले.

कुंडमच्या पुढे

मंगला पहाटेच्या बसनं पुढे गेली आणि मी जीपनं मागाहून. कुंडमकडे जाताना जंगल हळूहळू रस्त्याजवळ येतं. साल, मधूनच पळसाचा भडका, आणि जागोजाग महुआ. आपण मोह म्हणतो तोच. पानं झडलेली, फुलं टपटप पडत असलेली. झाडांखालचा पाचोळा जाळून जमीन साफ केलेली, आणि बाया-पोरं वाकून वाकून फुलं वेचत होती. गाडीतही तो वास आला. गोड, जरा आंबूस, डोकं जड करणारा.

शाळेत रांगोळी, माझ्या गळ्यात झेंडूचा हार, आणि खोलीत बाकांवर तेल लावून भांग पाडलेली मुलं. मुलांची यादी वरून आली होती, शाळेच्या पटातून कॉम्प्युटरनं काढलेली थोडीच नावं. मी ती पुकारायला लागलो. "फूलमती" म्हटलं तर कुणी उठेना. मग एका मुलीला शेजारणीनं कोपरानं ढोसलं. ती उठली. चष्मा, दोन वेण्या, इस्त्रीचा गणवेश. पुढच्या नावाला दोन मुलांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग एक उभा राहिला. मी त्या चष्मेवालीला वडिलांचं नाव विचारलं. तिनं मंगलाकडे बघितलं.

मंगला हसली. मला व्हरांड्यात बोलावलं. तिच्या चेहऱ्यावर लपवल्याचं काहीच नव्हतं, उलट काम नीट उरकल्याचं समाधान होतं.

"दादा, तुम्हाला सांगायचंच राहिलं. त्या कॉम्प्युटरनं पोरंच चुकीची काढली होती. फूलमतीला धड ओळ वाचता येत नाही. आणखी चार जण तसेच. शाळेत इतकी हुशार पोरं असून नेमकी तीच काहून काढावी? मी दुरुस्त करून टाकलं."

"दुरुस्त म्हणजे?"

"नावं तीच ठेवली, पोरं बदलली. पण बेईमानी नाही केली हां. मुलीच्या जागी मुलगी, आदिवासीच्या जागी आदिवासी, हॉस्टेलच्या जागी हॉस्टेलचा. हिशेबात काही फरक नाही पडत."

मी तिथल्या बाकावर बसलो. खरं सांगतो, मला राग आला नाही. तिनं सगळे रकाने सांभाळले होते, फक्त जे मोजायला ती मुलं निवडली तेच तेवढं बाहेर ठेवलं होतं. आणि हे तिनं एकटीनं शोधून काढलेलं नव्हतं. अधिकारी येणार म्हटलं की कच्च्या मुलांना "आज घरी राहा" म्हणायचं, ही आपल्याकडे सगळीकडचीच रीत आहे; पाहुणे येणार म्हटल्यावर फाटकी गोधडी आत सरकवावी तशी. मुख्याध्यापकांना त्यात खोटं काही वाटत नाही. ते त्यांना नीटनेटकेपण वाटतं.

"मंगल," मी म्हटलं, "चिठ्ठ्या टाकून काढलेली नावं आहेत. वर्गात वाचता न येणारी मुलं असली तर चिठ्ठीत ती निघणारच. निघायलाच पाहिजेत. मामा कारखान्यात काय करायचे? लॉटमधून कसलेही चार नग उचलायचे. चांगले बघून उचलले असते तर लॉट पास झाला असता आणि माल तिकडे कुणाच्या तरी हातात फुटला असता."

"आणि तपासलेल्या नगाचं काय करायचे, ते सांगितलं का बाबांनी?" ती म्हणाली. "फोडून बघायचे. तपासलेला नग परत लॉटमध्ये नाही ठेवत, भंगारात जातो. माझी पोरं नग आहेत का, दादा?"

मी नियम सांगितला. खरी मुलं बसली नाहीत तर मला ही शाळा रद्द लिहावी लागेल, म्हटलं. ती मैदानाकडे वळली.

"शाळेचं नाव येत नाही म्हणाले होते ना?"

"नाही येत."

"चलो मग. ते सगळे महुआ वेचायला गेले असतील. आज येऊ नका म्हटलं तर नाचत गेले होते."

आम्ही जीप घेऊन निघालो. मंगलाला कोणाचं झाड कुठे ते ठाऊक होतं. तिथे झाडं घराण्यांची असतात. याच्या आजाचं हे, त्याच्या मामाचं ते. एका झाडाखाली मी सरळ चालत गेलो आणि एक म्हातारी अंगावर ओरडलीच. "जूता! जूता उतारो साहब, दिखता नहीं का?" फुलं स्वच्छ पडावीत म्हणून तिनं झाडाखालची जमीन शेणामातीनं सारवून ठेवली होती आणि मी बूट घालून मधोमध उभा. आमच्याकडे खळ्यावर कुणी चपला घालून आला असता तर मीही ओरडलो असतो. मी बूट काढून हातात घेतले. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. म्हातारीला मग दया आली असावी. तिनं ओंजळभर ताजी फुलं दिली. खाल्ली. पहिलं फूल गोड लागलं, दुसरं फार गोड, तिसऱ्यानंतर पाणी मागायची पाळी आली.

फूलमती तिथेच होती. अंगानं थोराड, हात चिकट झालेले, डोक्यावर टोपली. तिची आई मंगलाला म्हणाली, "काहे मास्टरनी जी? कल तो आप ही बोलीं, मत भेजो."

"गलती हो गई हमसे," मंगला म्हणाली. "चल बेटा."

फूलमतीनं माझ्याकडे बघून विचारलं, "हम फेल हो गए का?"

"नहीं, नहीं," मी म्हणालो. "इसमें कोई फेल नहीं होता."

पाचही जण मिळाले. शाळेत आणून हात धुवायला लावले, तरी उत्तरपत्रिकांना महुआचा वास लागला. नियमाप्रमाणे मंगलाला आत बसता येत नव्हतं. ती दाराबाहेर उभी राहून मुलांच्या पाठींकडे बघत होती.

पहिला उतारा कुठल्याशा शहरातल्या वाचनालयाबद्दल होता. कोणत्या दिवशी कधी उघडतं, पुस्तक उशिरा दिलं तर काय, असं. फूलमतीनं पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. ओठ हलायला लागले. एका शब्दापाशी बोट थांबायचं, मागे जायचं, पुन्हा पुढे यायचं. मी अधूनमधून तिच्याकडे बघत होतो. वेळ संपली तेव्हा ते बोट तिसऱ्या ओळीवर होतं. पेपर गोळा करताना तिनं दाराकडे वळून विचारलं, "मैडम जी, नाम कहाँ लिखना है?"

"नाम नहीं लिखना बेटा," मंगला म्हणाली.

तिनं शहरातून खोव्याची जिलेबी आणली होती. काळपट, जाड, जबलपूरची खासियत. साहेबलोकांसाठी म्हणून आणलेली. ती तिनं डबा उघडून सगळ्या मुलांना वाटली, बदली मुलांनाही आणि खऱ्या मुलांनाही. चष्मेवाली आणि फूलमती एकाच पायरीवर बसून खात होत्या. माझ्या वाट्याला अर्धी आली.

परतताना ती माझ्याबरोबर जीपमध्ये होती. कुंडम मागे पडलं. मग म्हणाली, "इतकी वर्षं त्या शाळेत आहे दादा, पण तिला वाचताना आज पहिल्यांदा पाहिलं. वर्गात ती मागे बसते. प्रश्न मी पुढच्यांना विचारते. आज पाठीमागून पाहून राहिली होती तर तिची मान कशी थरथरत होती."

तिनं मांडीवरच्या जिलेबीच्या रिकाम्या डब्याचं झाकण लावलं.

"एप्रिलपासून रोज शेवटचा तास मी घेणार या पोरांचा. पहिलीच्या पुस्तकापासून. बस चुकली तर चुकली."

माझ्या सगळ्या नोकरीत एखाद्या चाचणीनं असं काही झालेलं मी पाहिलेलं नाही. आकडे येतात, आम्ही ते पुढे पाठवतो, पुढचे लोक अजून पुढे. त्या जीपमध्ये प्रथमच ते माप ज्याच्या हाती पोचायला पाहिजे त्याच्या हाती पोचलं होतं, आणि तेही कोणताही आकडा निघायच्या आधी.

सिविल लाइंस

शेवटच्या दिवशी कार्यालयात निरीक्षकांचा निरोप होता. मोठी खोली, समोसे, फिरता कूलर. जिल्ह्याचे साहेब हसतमुख माणूस. मला म्हणाले, "महाराष्ट्रवाले तो हमें कच्चा ही समझते हैं. बताइए सर, कुछ गड़बड़ी मिली कि नहीं?"

निरीक्षकानं काय पाहिलं ते फक्त मोहोरबंद अहवालात लिहायचं आणि तो अहवाल थेट दिल्लीला जाणार, असा नियम होता. तोंडी कुणाला काही सांगायचं नव्हतं. मला तो पाठ होता. शिवाय न बोलणं मला जड जात नाही.

पण मी बोललो. मुलं कशी बदलली होती, मी ती कशी ओळखली. बूट हातात घेऊन महुआखाली कसा हिंडलो. खरी मुलं आणून बसवली, मग पेपर जवळजवळ कोरे आले तरी तसेच सील केले. खोली ऐकत होती. मी बोलतोय आणि लोक समोसा हातात धरून ऐकतायत, असं माझ्या आयुष्यात फारसं झालेलं नाही. मला थांबवेना. बुटांचा भाग मी दोनदा सांगितला. लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "वाह सर, ईमानदारी इसको कहते हैं."

मी शाळेचं नाव घेतलं नव्हतं. ते मला तेव्हा फार महत्त्वाचं वाटत होतं.

साहेबांनी चहा ढवळत, अगदी सहज विचारलं, "महुआ... मतलब कुंडम साइड?"

मी होकारार्थी मान हलवली.

तेवढंच. तिकडच्या भागात निवडलेली शाळा एकच होती, आणि मला ते माहीत होतं. साहेब लगेच दुसऱ्या निरीक्षकाकडे वळून जिलेबी कुठली चांगली ते सांगायला लागले.

दीक्षितपुऱ्यात परतलो तर मंगलानं वाटेसाठी दशम्या आणि सांबारवडी बांधून ठेवली होती. "काय म्हणाले साहेब?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "काही नाही. निरोपाचं नेहमीचं." स्टेशनवर ती गाडी हलेपर्यंत उभी राहिली. पोरांसाठी पहिलीची पुस्तकं कुठे मिळतील, मराठीत नको, हिंदीत, मोठ्या अक्षरांची, असं विचारत होती.

परत आल्यावर

जूनमध्ये तिचा फोन आला. नोटीस मिळाली होती. विद्यार्थी बदलल्याबद्दल एक, आणि शाळेचा दर्जा कमी आढळल्याबद्दल एक. चौकशी होईपर्यंत तिला शाळेतून काढून सिविल लाइंसच्या कार्यालयाशी जोडलं होतं. तिथे तिला टपाल उघडून वेगळं करायचं काम दिलं होतं.

"चलो, घर जवळ झालं," ती म्हणाली. "बस नाही, काही नाही. पोरांचा तास मात्र बंद पडला. नवीन सरांना फूलमती कोण तेही माहीत नाही."

मग थांबून म्हणाली, "दादा, एक विचारू? त्यांना शाळा कशी कळली? तुम्ही काही बोलले होते का?"

"नाही," मी म्हणालो.

"मला माहीतच होतं," ती म्हणाली. "तुम्ही तर बोलतच नाही."

हे वाचणाऱ्यांत मुख्याध्यापक बरेच असतील, माझ्यासारखे अधिकारीही असतील. देशादेशांची तुलना करणाऱ्या या चाचण्या आता येतच राहणार. त्यांचं माप वाईट नाही. एखाद्या शाळेला शिक्षा करायला ते बनलेलंच नाही, तेवढं त्याला येतच नाही. पण ते आमच्या हातात पडतं, आणि आमच्या हाताला छडीची सवय आहे. देशाचा आकडा यायच्या आधीच आम्ही त्यातून एक बाई शोधून काढली. ती बाई बरोबर तीच होती, जिला त्या मापाचा अर्थ कळला होता. पुढच्या खेपेला त्या जिल्ह्यात कोणता मुख्याध्यापक जंगलात जाऊन फूलमतीला हुडकून आणील? मी तर आणणार नाही.

मी साहेबांना पत्र लिहिलं, निरीक्षकाकडून तोंडी मिळालेली माहिती वापरता येत नाही असं कळवलं. पोच आली. पुढे काही झालं नाही. दिल्लीलाही लिहिलं. तिकडून पोचही आली नाही.

मग हे लिहिलं. छापायला द्यायच्या आधी मंगलाला फोन केला आणि सगळं वाचून दाखवलं. मान हलवली तिथपर्यंत आलो तेव्हा थांबलो. पाणी प्यायलो आणि पुढे वाचलं. तिकडे कार्यालयाचा गोंगाट होता. "मैडम, डाक आई है," असं कुणीतरी म्हणालं. "रख दो," ती म्हणाली.

वाचून संपल्यावर तिकडून पाकीट फाडल्याचा आवाज आला.

"छापा," मग ती म्हणाली. "पण शाळेचं नाव टाकू नका. शाळेचं नाव कुठे येत नसते, असं तुम्हीच म्हणाले होते."

तिनं फोन ठेवला. त्यानंतर केला नाही, मीही केला नाही.

म्हणून या लिखाणात शाळेचं नाव नाही. कुंडमच्या पुढे गावं पुष्कळ आहेत. मंगलाचं नाव मंगला नाही, फूलमतीचं फूलमती नाही, नातीही मी थोडी इकडची तिकडे केली आहेत. मान हलवणारा माणूस तेवढा बदललेला नाही.